सव्वीस प्रतिस्पर्धी आणि एकच झोळी: ‘फायररेड’मधील एलीट फोरचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे. ‘पोकेमॉन फायररेड’ या व्हिडिओ गेममध्ये आठही बॅज मिळवून, लोरेलाय, ब्रूनो, अगाथा आणि लान्स या ‘एलीट फोर’ नावाच्या शेवटच्या चार प्रशिक्षकांच्या मुक्कामी, म्हणजे इंडिगो प्लॅटोला, पोहोचलेल्या एका खेळाडूचा चारिझार्ड ६२व्या लेव्हलवर आहे. पिजट, रायचू, कडाब्रा, डगट्रिओ आणि गायराडोस हे उरलेले पाच जण ४० ते ४५च्या दरम्यान आहेत. लोरेलाय आणि ब्रूनो कसेबसे पार पडतात, अगाथापाशी औषधे संपतात आणि लान्ससमोर संघ कोसळतो. अशा वेळी चारिझार्डला ७०पर्यंत न्यावे का, असे त्यांनी विचारले आहे.

माझे उत्तर ‘नको’ असे आहे. चारिझार्ड चांगला पोकेमॉन आहे यात शंका नाही, पण या विशिष्ट पाच लढतींमध्ये एकट्याच्या बळावर संघ ओढून नेण्यासाठी त्याच्याइतका गैरसोयीचा नायक शोधून सापडणार नाही. लोरेलाय, ब्रूनो, अगाथा आणि लान्स यांच्याकडे प्रत्येकी पाच आणि शेवटी उभ्या असलेल्या चॅम्पियनकडे, म्हणजे प्रोफेसर ओकच्या नातवाकडे, सहा असे एकूण २६ पोकेमॉन तुमच्यासमोर येतात. तुम्ही सुरुवातीला चारमँडर (चारिझार्डचे मूळ रूप) निवडला असल्यामुळे त्याच्याकडे ब्लास्टॉइज आहे. प्रत्येक पोकेमॉनला आणि प्रत्येक चालीला एक टाइप, म्हणजे जात, असते आणि या २६पैकी दहा जण वॉटर किंवा रॉक टाइपचे आहेत आणि आणखी तिघे शुद्ध वा मिश्र ड्रॅगन आहेत, म्हणजे निम्म्या प्रतिस्पर्ध्यांसमोर चारिझार्डची आग एक तर मंदावते किंवा त्याच्याच अंगाशी येते. त्यात रॉक टाइपच्या चालीने त्याला चौपट इजा होते, आणि ब्रूनोचा एक ऑनिक्स, लान्सचा एरोडॅक्टिल व चॅम्पियनचा रायडॉन यांच्याकडे अशा चाली आहेत. लेव्हल आठने वाढवून हे गणित फारसे बदलत नाही.

या लढतींकडे पाहण्याची दृष्टी आधी बदलावी लागेल. लोरेलायच्या खोलीत शिरल्यावर मागचा दरवाजा बंद होतो आणि शेवटची लढत संपेपर्यंत पोकेमॉन सेंटर नाही, दुकान नाही, पोकेमॉन ठेवण्या-काढण्याचा पीसी नाही. मध्ये हरलात तर पुन्हा लोरेलायपासून सुरुवात करावी लागते. त्यामुळे या पाच स्वतंत्र लढती आहेत असे न मानता २६ प्रतिस्पर्ध्यांची ही एकच लांबलचक लढत आहे आणि तिच्यासाठी तुमच्याकडे एकच शिधा आहे, असे समजून चालावे. शिधा म्हणजे केवळ औषधे नव्हेत. चालींचे पीपी, म्हणजे एखादी चाल किती वेळा वापरता येईल तो आकडा, हा त्याहून महत्त्वाचा शिधा, कारण औषधे विकत मिळतात, पण पीपी भरून देणारे ईथर आणि एलिक्झर कोणत्याही साध्या दुकानात मिळत नाहीत.

माझ्या पहिल्या खेळात मी याच ठिकाणी फसलो होतो. रायचूच्या थंडरबोल्टवर माझा सगळा भरवसा होता आणि लोरेलायच्या खोलीत मी ती चाल हात सैल सोडून वापरली. जिंक्सवरही वापरली, तिला त्याची विशेष बाधा नसताना. अगाथाच्या खोलीत उरलेली संपली, आणि लान्सने पहिलाच गायराडोस काढला तेव्हा, ज्याला विजेची चौपट बाधा होते अशा त्या प्राण्यासमोर माझा रायचू स्लॅम मारत बसला होता. झोळीत मूर्च्छित पोकेमॉनला उठवणारे रिव्हाइव्ह भरपूर होते, त्यांचा काहीही उपयोग झाला नाही.

थंडरबोल्टचे पीपी १५ असतात. तुमच्या मार्गात ही चाल खरोखर उपयोगी पडेल असे नऊ जण आहेत: ड्यूगाँग, क्लॉयस्टर, स्लोब्रो, लाप्रस, अगाथाचा गोलबॅट, लान्सचे गायराडोस आणि एरोडॅक्टिल, चॅम्पियनचे पिजट आणि ब्लास्टॉइज. नवांना पंधरा, म्हणजे प्रत्येकी दोनदेखील येत नाहीत. आइस बीमचे पीपी तर दहाच आहेत आणि ते दोन ड्रॅगोनेअर व एक ड्रॅगोनाइट यांच्यासाठी राखून ठेवायचे आहेत. कागदावर २६ नावे लिहून प्रत्येकासमोर कोणाची कोणती चाल वापरायची हे एकदा ठरवले, की कोणत्या चालीवर ताण येतो आणि कोणता पोकेमॉन नुसता बसून आहे हे लगेच दिसते. हा कागद करायला पंधरा मिनिटे लागतात आणि त्याने आठवडाभराचे लेव्हल वाढवणे वाचते.

आता संघाविषयी. सिल्फ कंपनीच्या इमारतीत तुम्हाला २५व्या लेव्हलचा लाप्रस भेट मिळाला असेल आणि माझ्या अंदाजाने तो पीसीच्या डब्यात पडून असेल. तो बाहेर काढा. लाप्रस वाढत असताना आइस बीम आपोआप शिकतो, त्याला सर्फ शिकवता येते, आणि वॉटर-आइस अशा दुहेरी टाइपमुळे लोरेलायच्या सर्फ व आइस बीम या दोन्ही मुख्य चाली त्याच्यावर बोथट होतात. दुसरा हवा स्नॉरलॅक्स. १२ आणि १६ क्रमांकाच्या रस्त्यांवर आडवे झोपलेले दोन स्नॉरलॅक्स ३०व्या लेव्हलचे असतात. तुम्ही दोघांनाही हरवून पुढे गेला असाल तर मात्र ती संधी गेली, आणि मग अगाथासाठी कडाब्रावर अधिक भार टाकावा लागेल. पिजट आणि गायराडोस यांना मी विश्रांती देईन.

गायराडोस का नको, हे जरा सविस्तर सांगायला हवे, कारण नवीन आवृत्त्यांवरून या जुन्या खेळाकडे वळलेले पुष्कळ जण इथे चुकतात. २००४ साली आलेल्या या खेळात एखादी चाल शारीरिक आहे की स्पेशल, हे त्या चालीवरून ठरत नाही, तिच्या टाइपवरून ठरते. फायर, वॉटर, ग्रास, इलेक्ट्रिक, आइस, सायकिक, ड्रॅगन आणि डार्क या आठ टाइपांच्या सगळ्या चाली स्पेशल अटॅकच्या आकड्यावर चालतात आणि बाकीच्या सगळ्या साध्या अटॅकवर. गायराडोसचा मूळ अटॅक १२५ आहे, पण स्पेशल अटॅक फक्त ६०. त्यामुळे त्याचा सर्फ दिसायला भव्य असला तरी लाप्रसच्या सर्फपुढे फिका पडतो. उलट शॅडो बॉल ही घोस्ट टाइपची चाल इथे शारीरिक आहे, म्हणून ती खुद्द गेंगारपेक्षा ११० अटॅकच्या स्नॉरलॅक्सच्या हातात अधिक घातक ठरते. शॅडो बॉलचा टीएम (चाल शिकवणारे यंत्र) सेलाडॉन शहराच्या गेम कॉर्नरमध्ये ४५०० नाण्यांना आणि थंडरबोल्टचा ४००० नाण्यांना मिळतो. ५० नाणी १००० रुपयांना (खेळातील चलनाला आम्ही रुपयेच म्हणतो) पडतात, म्हणजे थंडरबोल्टचा टीएम ८०,००० ला पडला. टीएम एकदाच वापरता येतो हे लक्षात ठेवून मगच खर्च करा. तुमचा रायचू पिकाचू असतानाच २६व्या लेव्हलपर्यंत वाढवलेला असेल तर त्याला थंडरबोल्ट फुकट आलेला असेल. थंडर स्टोन घाईने वापरला असेल तर मात्र हा खर्च अटळ आहे. व्हिरिडियनच्या जिममध्ये मिळालेला अर्थक्वेकचा टीएम डगट्रिओवर घालवू नका, तो ही चाल पुढे स्वतः शिकतो. तो स्नॉरलॅक्सला द्या.

लेव्हल किती असावी, यावर माझे मत असे आहे की सहाही जण ५२ ते ५५च्या दरम्यान असले तर पुरे. समोरच्यांची लेव्हल ५१पासून सुरू होते आणि चॅम्पियनच्या ब्लास्टॉइजपाशी ६३ला संपते. टाइप जुळत असेल तर पाच-सात लेव्हलचा फरक सहज पचतो, टाइप उलटा पडत असेल तर दहा लेव्हल जास्त असूनही घाम फुटतो. लाप्रस आणि स्नॉरलॅक्स या दोघांची वाढ संथ आहे, हे मी आधीच सांगून ठेवतो. त्यासाठी व्हर्मिलियनच्या पोकेमॉन सेंटरमध्ये मिळणारे व्हर्सस सीकर हे यंत्र वापरा: शंभर पावले चालले की ते पुन्हा भरते आणि आधी हरवलेले प्रशिक्षक पुन्हा लढायला तयार होतात. प्रशिक्षकाच्या पोकेमॉनला हरवल्यावर रानातल्या पोकेमॉनच्या दीडपट अनुभव मिळतो. १५ क्रमांकाच्या रस्त्यावर ओकच्या मदतनिसाकडून, ५० प्रकारचे पोकेमॉन पकडले असल्यास, एक्स्पीरियन्स शेअर मिळते आणि १६ क्रमांकाच्या रस्त्यावर, ४० प्रकार असल्यास, बक्षिसाची रक्कम दुप्पट करणारे अ‍ॅम्युलेट कॉइन. पहिले लाप्रसला द्या, दुसरे लढणाऱ्याला. रेअर कँडी जमवल्या असतील तर त्या अगदी शेवटी वापरा, कारण लेव्हल जितकी वरची तितका पुढच्या लेव्हलसाठी अनुभव जास्त लागतो आणि कँडी मात्र कुठेही एकच लेव्हल देते.

पैशाचे सांगायचे तर इंडिगो प्लॅटोच्या दुकानात एचपी (पोकेमॉनची प्राणशक्ती) पूर्ण भरणारे फुल रिस्टोअर ३०००, रिव्हाइव्ह १५०० आणि झोप-विषासारखे विकार घालवणारे फुल हील ६०० ला मिळते. सगळे पैसे फुल रिस्टोअरवर उधळण्याची चूक सर्वांच्या हातून होते. सेलाडॉनच्या डिपार्टमेंट स्टोअरच्या गच्चीवरील यंत्रात ३५० ला लेमोनेड मिळते आणि ते ८० एचपी भरून देते. १२०० च्या हायपर पोशनने २०० एचपी भरतात, म्हणजे एचपीमागे हिशेब केला तर लेमोनेड बरेच स्वस्त पडते. दोन खोल्यांच्या मधल्या वेळेत तुमच्यावर कोणी हल्ला करत नाही, त्यामुळे तिथे एकाला तीन लेमोनेड पाजली तरी काही बिघडत नाही. एका खेळीत पूर्ण बरे होण्याची निकड फक्त लढत चालू असताना असते आणि फुल रिस्टोअर त्यासाठीच राखायचे. १५ लेमोनेड, ८ फुल हील, ६ रिव्हाइव्ह आणि ६ फुल रिस्टोअर यांचे मिळून ३७,०५० होतात. एवढ्यात पाचही लढती निभतात, असा माझा अनुभव आहे.

खेळाच्या ऑप्शन्समध्ये लढतीची पद्धत ‘शिफ्ट’ ठेवा. या पद्धतीत समोरचा एक पोकेमॉन पडला की पुढचा कोण येणार हे तुम्हाला आधी सांगितले जाते आणि फुकटात बदल करू दिला जातो. ‘सेट’वर खेळण्यात मर्दुमकी आहे असे मानणारे लोक आहेत. त्यांनी दुसऱ्यांदा खेळताना ती जरूर दाखवावी. दुसरी गोष्ट अशी की हे पाचही जण फुल रिस्टोअर वापरतात, आणि ते साधारणपणे त्यांच्या पोकेमॉनचे एचपी एक चतुर्थांशाच्या खाली गेले की वापरतात. म्हणून समोरच्याला जेमतेम जिवंत ठेवणारा घाव हा सर्वांत वाईट घाव होय. त्याची पट्टी निम्म्यावर असताना पुढचा घाव त्याला पाडेल की लाल रेषेवर सोडेल, याचा अंदाज घ्या. सोडणार असेल तर आधी एखादी हलकी चाल वापरून त्याला तिसऱ्या हिश्श्यावर आणा आणि मग जोराचा घाव घाला. तिसरी गोष्ट बळीच्या बकऱ्याची. मुख्य पोकेमॉन मूर्च्छित पडला आणि त्याला रिव्हाइव्ह द्यायचे आहे, तर ज्याचे या खोलीतले काम झाले आहे अशाला पुढे करा. तो मार खात असताना तुम्ही रिव्हाइव्ह वापरा, आणि तो पडला की उठलेला पोकेमॉन कोणताही घाव न खाता आत येईल. हे ऐकायला निर्दय वाटते, पण लढत संपल्यावर एका लेमोनेडच्या आणि रिव्हाइव्हच्या खर्चात सगळे पुन्हा उभे राहतात.

लोरेलायच्या खोलीत सुरुवात लाप्रसने करा. तिचा ड्यूगाँग हेल टाकून गारा पाडतो आणि त्या गारांनी आइस टाइप नसलेल्या प्रत्येकाचे दर खेळीला थोडे थोडे एचपी जातात. तुमचा लाप्रस त्यातून सुटतो. बॉडी स्लॅमने ड्यूगाँगला निम्म्यावर आणून मग रायचूने एका थंडरबोल्टमध्ये संपवले तर पीपी वाचतात. क्लॉयस्टरचे कवच भयंकर आहे, मूळ डिफेन्स १८०, पण स्पेशल डिफेन्स अवघा ४५ असल्यामुळे विजेच्या एका घावात तो बहुधा जातो. स्लोब्रोला मात्र वेळ देऊ नका. तो अ‍ॅम्नेशियाने स्पेशल डिफेन्स दोन पायऱ्यांनी वाढवतो आणि मग तुमची वीज त्याला गुदगुल्या करू लागते. तसे झालेच तर स्नॉरलॅक्सचा शॅडो बॉल काढा, तो शारीरिक असल्याने अ‍ॅम्नेशियाची पर्वा करत नाही. जिंक्स लव्हली किसने झोपवते, तिच्यासाठी चारिझार्डचा फ्लेमथ्रोअर आहे. या खोलीत चारिझार्डने एवढेच करायचे.

झोपेवरून आठवले. स्नॉरलॅक्सला उठवण्यासाठी मिळालेली पोके फ्लूट लढतीतही वाजवता येते आणि ती कधी संपत नाही. तिच्यासाठी एक खेळी जाते हे खरे, पण फुल हील वापरले तरी खेळी जातेच आणि वर ६०० रुपये जातात. झोपेसाठी फ्लूट आणि गोंधळ, विष, पक्षाघात यांच्यासाठी फुल हील, अशी वाटणी ठेवा.

ब्रूनोबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. त्याच्या दोन्ही ऑनिक्सना पाण्याची चौपट बाधा होते, त्यामुळे दोघांसाठी दोन सर्फ पुरतात. हिटमॉनली आणि हिटमॉनचॅन यांच्यावर सायकिक वापरावी असे सगळीकडे लिहिलेले आढळते आणि टाइपच्या दृष्टीने ते बरोबरही आहे, परंतु या दोघांचाही मूळ स्पेशल डिफेन्स ११० आहे. त्यांचा साधा डिफेन्स त्यामानाने कमकुवत आहे, हिटमॉनलीचा तर ५३च. म्हणून हिटमॉनलीवर चारिझार्डचा विंग अटॅक, जो फ्लाइंग टाइपचा असल्याने इथे शारीरिक धरला जातो, कडाब्राच्या सायकिकपेक्षा जास्त काम करतो. मचॅम्पला मात्र कडाब्राच द्या. तो मचॅम्पपेक्षा पुष्कळ वेगवान आहे आणि दोन सायकिकमध्ये विषय संपतो. मचॅम्पजवळ रॉक टूम असल्यामुळे चारिझार्डला तिथे थांबवू नका.

अगाथाची खोली अवघड वाटते ती मुख्यतः जुन्या आठवणींमुळे. १९९६च्या मूळ खेळात गेंगारवर अर्थक्वेक चालत असे आणि घोस्ट टाइपच्या चालींचा सायकिक पोकेमॉनवर काहीच परिणाम होत नसे. फायररेडमध्ये दोन्ही गोष्टी उलट्या आहेत. गेंगार आणि हाँटर यांना लेव्हिटेट ही क्षमता मिळाल्यामुळे ते जमिनीपासून वर तरंगतात आणि अर्थक्वेक त्यांच्या खालून निघून जातो. तुमच्या कडाब्राला मात्र शॅडो बॉलची दुप्पट इजा होते. तुमची औषधे इथे संपतात त्याचे कारण माझ्या मते हेच असावे की तुम्ही डगट्रिओ आणि कडाब्रा यांना पुढे करत आहात.

स्नॉरलॅक्सला पुढे करून पाहा. अगाथाचा पहिला गेंगार ५४व्या लेव्हलचा आहे आणि त्याच्याकडे शॅडो पंच, कन्फ्यूज रे, टॉक्सिक आणि डबल टीम या चार चाली आहेत. यांपैकी थेट घाव घालणारी एकच, शॅडो पंच, आणि नॉर्मल टाइपच्या स्नॉरलॅक्सवर घोस्ट टाइपच्या चाली मुळीच चालत नाहीत. म्हणजे हा गेंगार स्नॉरलॅक्सला हात लावू शकत नाही, फक्त गोंधळात टाकू शकतो आणि विष देऊ शकतो. तुमच्या स्नॉरलॅक्सची क्षमता इम्युनिटी असेल तर विषही लागत नाही. सारांश पाहून ती तपासा, थिक फॅट असेल तर एक फुल हील तयार ठेवा. डबल टीमने तो नेम चुकवू लागण्याआधी शॅडो बॉल टाकत राहायचे. दुसरा गेंगार ५८व्या लेव्हलचा आहे आणि त्याच्याकडे शॅडो बॉल, स्लज बॉम्ब, हिप्नोसिस आणि नाइटमेअर आहेत. शॅडो बॉल निरुपयोगी, स्लज बॉम्ब या खेळात शारीरिक आणि गेंगारचा अटॅक सामान्य, राहिली ती झोप, आणि तिच्यासाठी फ्लूट आहे. हाँटरचा कर्स तेवढा त्रासदायक असतो. तो लागला की दर खेळीला चौथा हिस्सा एचपी जातो आणि मीन लुकमुळे मागेही फिरता येत नाही. हाँटर मात्र काचेसारखा नाजूक आहे, एका शॅडो बॉलमध्ये फुटतो. गोलबॅटवर एक थंडरबोल्ट किंवा कडाब्राची सायकिक, आर्बोकवर डगट्रिओचा अर्थक्वेक. आर्बोक आत येताच इंटिमिडेटने समोरच्याचा अटॅक उतरवतो, म्हणून त्याच्यासमोर स्नॉरलॅक्स आयता उभा असणे टाळलेले बरे.

लान्सकडे जाण्यापूर्वी सगळ्यांचे एचपी भरा, आणि रायचूचे किमान पाच व लाप्रसच्या आइस बीमचे किमान सात पीपी शिल्लक आहेत ना ते पाहा. नसतील तर साठवलेले ईथर वापरण्याची जागा हीच. पहिला गायराडोस ५६व्या लेव्हलचा, त्याला एक थंडरबोल्ट. त्यानंतर दोन ड्रॅगोनेअर येतात, दोघेही ५४चे. त्यांच्यावर वीज, पाणी, आग आणि गवत या चारही गोष्टी निम्म्या पडतात, म्हणून इथे लाप्रस आणि आइस बीम याशिवाय दुसरा विचारच करू नका.

लान्सच्या संघाचा एक दोष नीट वापरून घेण्यासारखा आहे. त्याच्या पाचही जणांकडे हायपर बीम आहे. ही चाल प्रचंड जोराची असली तरी ती लागली की मारणाऱ्याची पुढची खेळी वाया जाते. आता समजा ५४व्या लेव्हलचा लाप्रस पूर्ण एचपीने उभा आहे आणि समोर ६०व्या लेव्हलचा ड्रॅगोनाइट आहे. ड्रॅगोनाइट वेगवान असल्याने तो आधी खेळणार. त्याने हायपर बीम मारला तर लाप्रसची पट्टी निम्म्याहून खाली जाईल, पण लाप्रसचे एचपी इतके मोठे आहेत की तो उभा राहील. आउटरेज मारला तर इजा त्याहून कमी. आणि मग त्याच खेळीत लाप्रसचा आइस बीम लागतो. ड्रॅगन आणि फ्लाइंग अशा दुहेरी टाइपमुळे ड्रॅगोनाइटला बर्फाची चौपट बाधा होते आणि बहुतेक वेळा तो तिथेच आडवा होतो. एखादा थेंब एचपी राहिलाच आणि तो हायपर बीम मारून दमलेला असला, तर पुढच्या खेळीत लान्स फुल रिस्टोअर देतो की नुसता थांबतो याची चिंता न करता पुन्हा आइस बीम टाका. लाप्रस पूर्ण एचपीने आत येणे ही एकच अट आहे. म्हणून एरोडॅक्टिल पडल्यानंतर ड्रॅगोनाइट येत असल्याची सूचना दिसली आणि लाप्रस जखमी असला, तर आधी दुसऱ्या कुणाला पुढे करून मागे फुल रिस्टोअर वापरा. या सगळ्या प्रवासात फुल रिस्टोअर जर कुठे सार्थकी लागत असेल तर ते इथे.

एरोडॅक्टिलवर थंडरबोल्ट किंवा सर्फ यांपैकी ज्याचे पीपी अधिक उरले असतील ते चालवा. त्याच्याकडे एन्शंट पॉवर आहे, चारिझार्डला बाहेर आणू नका. ड्रॅगोनाइटसमोर विषारी टाइपचा पोकेमॉन ठेवला की तो वेड्यासारखा नुसता अ‍ॅजिलिटी वापरत बसतो आणि हल्लाच करत नाही, असा एक जुना उपाय तुमच्या कानावर आला असेल. तो मूळ रेड आणि ब्लूमधला आहे. तिथल्या संगणकाला अ‍ॅजिलिटी ही सायकिक टाइपची चाल आहे एवढेच कळत असे, ती इजा करत नाही हे कळत नसे. फायररेडमधल्या ड्रॅगोनाइटकडे अ‍ॅजिलिटी नाही, आणि त्याचे डोकेही तेवढे मठ्ठ राहिलेले नाही.

लान्स पडल्यावर पुष्कळांचा हात सैल होतो, कारण पुढे आणखी कोणी आहे हे माहीत असूनही तो ‘फक्त ओकचा नातू’ आहे असे वाटते. त्याच्या संघात लान्ससारखी एकच कमजोरी नाही, सहा जण सहा दिशांचे आहेत आणि म्हणूनच मी त्याला लान्सपेक्षा अवघड मानतो. त्याचा पिजट ५९चा. त्याला रायचू. पिजटकडे व्हर्लविंड आहे, त्यामुळे कडाब्राला ‘काम माइंड’ ही चाल शिकवून आकडे फुगवत बसण्याचा बेत असेल तर तो इथे उधळला जाईल. अलाकझॅमची स्पेशल ताकद भीतिदायक आहे, पण साधा डिफेन्स मूळ ४५. स्नॉरलॅक्स त्याची एक सायकिक आरामात झेलतो आणि शॅडो बॉलने उत्तर देतो. त्याने रिफ्लेक्ट लावले तर शारीरिक घाव निम्मे होतात, अशा वेळी चिडून तीच चाल मारत राहण्यापेक्षा चारिझार्डचा फ्लेमथ्रोअर बरा. रायडॉनला लाप्रसचा एक सर्फ, चौपट. एक्झेग्यूटर चारिझार्डसाठीच जन्माला आला आहे, फक्त त्याच्या स्लीप पावडरपूर्वी घाव बसायला हवा, आणि वेगाच्या फरकामुळे तो बसतो. आर्केनाइनवर सर्फ किंवा डगट्रिओचा अर्थक्वेक. त्याच्या एक्स्ट्रीमस्पीडमुळे तुमचा डगट्रिओ कितीही चपळ असला तरी आर्केनाइन आधी मारू शकतो, म्हणून डगट्रिओ जखमी असेल तर सर्फच वापरा. शेवटी ६३चा ब्लास्टॉइज. त्याच्यासाठी रायचूजवळ तीन थंडरबोल्ट उरलेले असावेत, हे लोरेलायच्या दारात पाऊल टाकण्यापूर्वीच कागदावर लिहून ठेवा. रायचू तोवर टिकला नाही तर लाप्रसचा बॉडी स्लॅम आणि स्नॉरलॅक्सचा अर्थक्वेक यांवर वेळ मारून नेता येते, कारण ब्लास्टॉइजचा हायड्रो पंप अधूनमधून चुकतो आणि लाप्रसवर तो निम्माच लागतो.

सेव्ह करण्याबाबत तुम्ही विचारलेले नाही, तरी सांगतो. प्रत्येक खोलीच्या मध्ये सेव्ह करता येते, पण मी ते सरसकट करत नाही. लोरेलायपूर्वी एकदा सेव्ह करावे. अगाथा संपल्यावर निम्मी औषधे शिल्लक असतील तरच पुन्हा करावे. हरल्यावर मिळालेला अनुभव टिकतो, वापरलेली औषधे मात्र परत येत नाहीत, त्यामुळे हरल्यानंतर जुना सेव्ह उघडायचा की पराभव पत्करून वाढलेल्या लेव्हल ठेवायच्या, हा निर्णय त्या त्या वेळी झोळीकडे पाहून घ्यावा. पहिल्या एक-दोन प्रयत्नांत तर मी मुद्दाम एकही रिस्टोअर न वापरता लढून, हरून, अनुभव घेऊन परत येतो. व्हिक्टरी रोडवर तासन्‌तास फिरण्यापेक्षा लाप्रस त्यात लवकर वाढतो. आपल्याकडे हा खेळ अनेकांनी संगणकावर किंवा मोबाइलवर एम्युलेटर टाकून खेळला आहे आणि तिथे प्रत्येक खेळीनंतर स्थिती जतन करण्याची सोय असते. ती वापरायची की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. एकट्याने खेळताना अदलाबदल करता येत नाही आणि त्यामुळे कडाब्राचा अलाकझॅम होत नाही, एवढी गैरसोय मात्र गृहीत धरूनच मी वरचा संघ सुचवला आहे.

जिंकल्यावर हाच कागद फेकून देऊ नका. सेव्ही बेटांवरचे काम संपवून तुम्ही परत आलात की हेच पाच जण साधारण बारा लेव्हल वर चढलेले असतात, ब्रूनोच्या ऑनिक्सच्या जागी स्टीलिक्स येतात, आणि चॅम्पियनच्या पिजट व रायडॉन यांची जागा हेराक्रॉस व टायरॅनिटार घेतात. ब्लास्टॉइज तेव्हा ७५चा असतो.